आबांची कवळी आणि फ्लॉपीचे तेवीस डबे

माझ्या वडिलांचे दात आम्ही संक्रांतीच्या वाणात वाटून टाकले.

(सगळे नाही. फक्त वरचे. खालचे त्यांचे स्वतःचे होते, त्यामुळे ते वाटता आले नाहीत.)

हे नीट सांगायचं तर आधी माझ्या ऑफिसबद्दल सांगावं लागेल, आणि ऑफिसचा विषय निघाला की मला आजही जांभई येते. दिग्रसला एका कापसाच्या जिनिंग कारखान्यासमोर माझा गाळा होता. एसटीडी, फॅक्स, झेरॉक्स, टायपिंग आणि कॉम्प्युटर क्लास, असं सगळं एकाच पाटीवर मावेल तेवढ्या बारीक अक्षरात लिहिलेलं. कापसाचे दिवस बरे होते तेव्हा सकाळी मुंबईचा भाव फॅक्सवर यायचा आणि कागद मशीनमधून पुरता बाहेर पडायच्या आत चार व्यापारी त्याला चार बाजूंनी ओढायचे. पुढं कापसाचे दिवस फिरले. सहा महिने धडधडणारं जिनिंग दोन महिन्यांत गप्प व्हायला लागलं. पोरांनी क्लास सोडला, व्यापाऱ्यांनी फॅक्स सोडला, आणि उरलेसुरले जे होते त्यांच्या खिशात मोबाईल आला. शेवटच्या वर्षी माझ्याकडे नेमानं येणारा एकच माणूस होता, टेलिफोनचा लाईनमन. तोही पाणी प्यायला यायचा.

गाळामालकानं संक्रांतीपर्यंत जागा रिकामी मागितली. त्याला तिथं मोबाईलचं दुकान टाकायचं होतं! मी 'बरं' म्हटलं. भांडायलाही अंगात दम लागतो.

सतरा वर्षांचं सामान काढायचं म्हणजे काय असतं, ते ज्यानं काढलं त्यालाच ठाऊक. भंगारवाल्यानं दारातूनच हात जोडले. मग म्हटलं, फुकट वाटू. पण फुकट म्हटलं की आपल्याकडं माणसाला आधी संशय येतो. "काहून देऊन राह्यले? काय बिघडलं याचं?" असं प्रत्येकजण विचारायचा, आणि सगळंच बिघडलेलं असल्यामुळे मला कुठून सुरुवात करावी कळायचं नाही. तरी तीन दिवसांत बरंच गेलं. एका मॉनिटरचं खोकं कोंबडीला अंड्यांवर बसायला गेलं. माऊसखालच्या रबरी चकत्या बायकोनं गरम भांडी ठेवायला घेतल्या. एसटीडीची केबिन शेजारच्या पानठेलेवाल्यानं अंगणात न्हाणीघर करायला नेली. (केबिन काचेची आहे, हे त्याच्या ध्यानात पहिल्या आंघोळीच्या वेळी आलं.)

राहिले ते फ्लॉपीचे डबे. फ्लॉपी म्हणजे काळी चौकोनी चकती, तिच्यात आम्ही क्लासचा सगळा अभ्यास ठेवायचो. हल्लीचा एक फोटोसुद्धा तिच्यात मावणार नाही, पण तेव्हा आम्ही ती पोथीसारखी दोन हातांत धरायचो. त्या ठेवायला प्लास्टिकचे डबे होते. राखाडी रंगाचे, आतलं काही न दिसणारे, आणि झाकण टक्कन बसणारे. असे तेवीस.

माझ्या बायकोनं, सुनंदानं, एक डबा हातात घेतला, झाकण चार वेळा टक्कन लावून पाहिलं आणि तिच्या डोळ्यांत चमक आली.

"अवो, हे वाणाले लुटले तर?"

संक्रांतीच्या हळदी-कुंकवाला बायकांना वाण म्हणून एखादी वस्तू द्यायची असते, आणि दर वर्षी काय द्यावं यावर आमच्या घरात दिवाळीपासून चर्चा चालते. त्या वर्षी ती एका मिनिटात मिटली. मला तर बरंच वाटलं. तेवीस डबे माझ्या डोक्यावरून उतरत होते. बोरी अरबहून माझी बहीण कुसुम मदतीला आलीच होती. ठरलं, प्रत्येक डब्यात तीन-तीन तीळगुळाचे लाडू घालायचे आणि वाटून मोकळं व्हायचं.

आता आबा. माझे वडील निवृत्त मुख्याध्यापक. आयुष्यात त्यांनी कुठल्याही विद्यार्थ्याकडं स्वतःसाठी काही मागितलं नाही, आणि हे ते स्वतःच सगळ्यांना सांगायचे. दारव्ह्याच्या एका शिक्षणसंस्थेचे सचिव दिलीपराव हे त्यांच्या हाताखालून गेलेले. त्या संस्थेत कॉम्प्युटर शिकवायला माणूस हवा होता. मी पंचेचाळिशीचा, गाळा गेलेला. आबांनी चार महिने विचार केला, आणि मग एक दिवस जेवताना, माझ्याकडं न बघता म्हणाले, "हळदी-कुंकवाच्या तिसऱ्या दिवशी सकाळी दहाले दिलीपकडं जाऊ. मी बोलतो." तेवढंच. पण त्या रात्री मला कितीतरी दिवसांनी झोप लागली.

आबांची वरची कवळी यवतमाळला बनवलेली. ती डाव्या बाजूला टोचायची. पाच वेळा जाऊन आले, टोचणं काही गेलं नाही. म्हणून जेवण-चहा झाला की ते ती काढून जवळ जे काही भांडं असेल त्यात ठेवायचे. वाटी, पेला, एकदा तर गणपतीपुढची निरांजनाची डबी. हळदी-कुंकवाच्या दुपारी ते मागच्या खोलीत बसून डब्यांतल्या फ्लॉप्या काढून देत होते. चहा झाला. कवळी टोचली. त्यांनी रिकामा डबा घेतला, कवळी आत ठेवली, टक्कन झाकण लावलं, डबा उशाशी ठेवला आणि झोपले.

कुसुमनं तो रिकाम्या डब्यांसोबत उचलून पुढच्या खोलीत आणला. तिथं सुनंदा लाडू भरत होती. तिनं डबा हलवून पाहिला, तो खुळखुळला. तिला वाटलं, कुसुमनं भरला. कुसुमनं हलवला, तिला वाटलं, वहिनीनं भरला. दोघींनी मिळून तो भरलेल्यांत ठेवला. (मी पण एकदा हलवला होता. ते मी घरी अजून सांगितलेलं नाही.)

हळदी-कुंकू झकास झालं. बायका डबे टकटक वाजवत घरी गेल्या. कुसुम सव्वापाचच्या गाडीनं बोरीला गेली. आणि सातला आबा जेवायला बसले ते उठलेच. आधी खोलीत गेले, मग न्हाणीत, मग देवघरात. मग माझ्यापुढं येऊन उभे राहिले आणि तोंडावर हात धरून त्यांनी खुणेनं मला विचारलं. त्यांचं बोट डब्यांच्या रिकाम्या जागेकडं होतं.

मला कळलं.

"सुनंदा," मी म्हटलं, "आबांची कवळी डब्यात होती."

"कोणत्या डब्यात?"

"तेच तर विचारून राह्यलो!"

आबा दातांशिवाय बोलत नाहीत. त्यांच्या तोंडून 'स'च्या जागी 'फ' निघतो, आणि चाळीस वर्षं पोरांचे उच्चार सुधारलेल्या माणसाला ते कसं चालेल? त्यांनी ऑफिसातून आलेला फॅक्सचा गुळगुळीत कागद ओढला, लाल पेन घेतलं आणि लिहिलं: "दातांशिवाय मी दारव्ह्यास येणार नाही." खाली सही केली. तारीखही घातली.

मी चपला घातल्या. सुनंदा दारात आडवी झाली.

"कुठी निघाले?"

"घरोघरी जातो, अन् सांगतो, डबा परत द्या म्हणून."

"दिलेलं वाण परत मागाचं नसते! गावभर माहं तोंड काळं करता काय?"

"अवं, मागत नाही. फक्त सांगतो, त्यात दात आहेत."

"त्याहून झालं बरं!" ती कपाळावर हात मारून म्हणाली. "तेवीसच्या तेवीस बायकाइले वाटन का आपण मामाजीच्या दाताजवळचा लाडू खाल्ला! एकही बाई माह्या दारात पाय ठेवणार नाही."

यात खोट काढायला जागा नव्हती. रात्रभर विचार करून मी जी युक्ती काढली तिचा मला त्या वेळी अभिमान वाटला, हे कबूल केलं पाहिजे. सकाळी सुनंदाकडून लाडवांनी भरलेली पिशवी घेतली, तिच्याकडून कोणाकोणाला डबे दिले याची यादी घेतली आणि निघालो. एकेका घरी जायचं आणि म्हणायचं, काल लाडू कमी पडले होते, डबा आणा, भरून देतो. डबा हातात आला की उघडायचा. मागणं नाही, उलट देणंच!

पहिलं घर राऊतकाकूंचं.

"काकू, काल तीळगूळ कमी पडला. डबा आणता काय, भरून देतो."

"बरा होता की बावा! मी तर त्यात मोहरी भरली."

"आणा न, मोहरीवरच ठेवतो."

काकूंनी माझ्याकडं नीट पाहिलं, डबा आणला, मी मोहरीवर दोन लाडू ठेवले. मग त्यांनी मला चहा दिला आणि वर दोन लाडू दिले, कारण संक्रांतीत दारी आलेल्याला तसंच कसं पाठवायचं? हा हिशेब माझ्या युक्तीत धरला नव्हता. आठव्या घरापर्यंत मी आठ चहा प्यायलो होतो, आणि पिशवीतले लाडू कमी व्हायच्याऐवजी वाढले होते.

तहसीलातल्या बाबूच्या बायकोनं डबा म्हणताच पदर सारखा केला.

"तो... तो का? माहेरी पाठवला."

तिच्याच शेजारच्या घरी दोन डबे निघाले! एक त्यांचा, आणि एक बाबूच्या बायकोनं सकाळीच आपलं वाण म्हणून पुढं सरकवलेला. (वाण पुढं सरकवणं गावात सगळ्याच बायका करतात आणि एकीचंही नाव घ्यायचं नसतं.) चौदाव्या घरी डबा म्हशीच्या गोठ्यात निघाला, त्यात जंतांच्या गोळ्या होत्या. तोही मी भरून दिला. काय करणार, शब्द दिला होता.

दुपारपर्यंत गावाला माझं येणं-जाणं कळलं. अठराव्या घरी बाईनं मला दारातच विचारलं, "किलोनं देता का नगानं?"

"वहिनी, मी विकून नाही राह्यलो!"

"आता लाजू नोका भाऊ," आतून तिचे सासरे म्हणाले. "आफिस बंद पडलं त पडलं. कोणताच धंदा लहान नसते. मी त म्हणतो, तीळ जरा भाजून घेत जा." त्यांनी दोन किलोची ऑर्डर दिली. मी ती घेतली. नाही म्हणायला लागणारा जीव माझ्यात नव्हता, आणि पोटात सतरा चहा होते.

बाविसाव्या घरून रिकाम्या हातानं परतलो. खरं तर पोतंभर लाडू घेऊन परतलो, पण त्यात दात नव्हते. यादी संपली होती. घरी ओसरीवर आबा फॅक्सचा कागद पुढं धरून बसले होते. देवळाच्या कट्ट्यावर त्यांना कुणीतरी माझ्या नव्या धंद्याबद्दल विचारलं होतं. कागदावर लाल शाईत लिहिलेलं होतं: "मुख्याध्यापकाचा मुलगा दारोदार तीळगूळ विकतो, याबाबत कारणे दाखवा."

मी कारणं दाखवली. चहा, मोहरी, गोठा, सगळं सांगितलं. सांगताना मला हसू यायला हवं होतं, पण ते आलं नाही. मी पायरीवरच बसलो. "राहू द्या आबा," मी म्हटलं. "नोकरीचं पाहू मग कधी."

आबांनी पेन खाली ठेवलं, तोंडावरचा हात काढला, आणि दिवसभरात पहिल्यांदा बोलले.

"फोड ते," आबा म्हणाले. "मी येतो उद्या. अफाच येतो."

ज्या माणसाच्या उच्चारावर चाळीस वर्षं शाळा चालली, तो माझ्यासाठी असाच, बोळक्या तोंडानं, आपल्या विद्यार्थ्यापुढं जायला तयार झाला होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सांगायला लाज कशाची? आलं.

तेवढ्यात सुनंदा आतून ओरडली, "अवो, यादीत बावीसच नावं आहेत! डबे तेवीस होते!"

कुसुमला विचारायला हवं होतं, आणि बोरीला फोन करायचा तर फोन कुठं? सतरा वर्षं एसटीडी चालवलेला माणूस मी, पानठेलेवाल्याकडं गेलो आणि त्याचा मोबाईल मागितला. त्यानं तो दिला, वर काचेच्या न्हाणीघरावरून चार शब्दही सुनावले.

"एक त मी सलीमभाईच्या घरी देला न दादा," कुसुम म्हणाली. "भाभी हळदी-कुंकवाले येत नाही, पण आपला तीळगूळ दरसाल जाते त्याइच्याकडे. जाता जाता देऊन गेली."

सलीमभाई म्हणजे बाजाराच्या कोपऱ्यावर मोटार वाइंडिंग करणारा. शेतातल्या पंपांच्या मोटारी हा त्याचा मुख्य धंदा, पण माझा प्रिंटर, फॅक्स, टाईपरायटर, सगळं त्यानंच जगवलेलं. लाडवांचं पोतं खांद्यावर होतंच, तसाच धावत गेलो. तो चष्मा कपाळावर चढवून बसला होता, आणि समोर स्वच्छ फडक्यावर आबांची कवळी होती.

"आओ प्रकाशभाई," तो म्हणाला. "झालंच तुमचं काम. पाच मिनिट थांबा."

"कोणतं काम?"

"आता कोणतं काम काय इचारता? तुम्ही डबा पाठवला, मी उघडला, दात निघाले. काल संध्याकाळपासून इचार करून राह्यलो, का दातात बिघडलं काय. मग बोट फिरवलं त डाव्या बाजूले कोर लागली. बारीक पॉलिश पेपर मारला."

"पण सलीमभाई, तो डबा दुरुस्तीचा नव्हता! वाणाचा होता!"

त्यानं चष्मा डोळ्यांवर घेतला आणि माझ्याकडं शांतपणे पाहिलं. "सोळा-सतरा साल झाले, तुम्ही ह्याच डब्यात बिघडलेला पार्ट पाठवता. कधी चिठ्ठी ठेवली? कधी सांगितलं का काय झालं त्याले? मी उघडतो, जे बिघडलं ते सुधारतो. मले काय माहीत का अबकी बार दात वाणाचे हायेत!"

आतून रेहानाभाभी म्हणाल्या, "अन् तीळगूळ नव्हता, म्हणून मलेही वाटलं का दुकानाचाच डब्बा हाये."

मी पोत्यातले निम्मे लाडू त्यांच्या ओट्यावर रिकामे केले. कवळी घरी आणली, सुनंदानं ती तीनदा उकळत्या पाण्यानं धुतली, आबांनी तोंडात घातली. जबडा उजवीकडं हलवला. डावीकडं हलवला. मग ते स्पष्ट, ठणठणीत आवाजात म्हणाले, "संस्कृत शिष्य." पुन्हा म्हणाले, "संस्कृत शिष्य!" पाच फेऱ्यांत यवतमाळला जे जमलं नाही ते वाइंडिंगच्या दुकानात झालं होतं.

दुसऱ्या दिवशी जीपमध्ये दाटीवाटीनं बसून आम्ही दारव्ह्याला गेलो. दिलीपराव उठून उभे राहिले, आबांच्या पाया पडले, चहा मागवला. (माझं पोट आतून ओरडलं.) आबा ताठ बसले आणि त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा मागणं मागितलं, एकही अक्षर न गिळता.

"दिलीप, माझ्या मुलाला तुझ्याकडं काम हवं आहे."

दिलीपराव अवघडले. "सर, तुमचा शब्द म्हणजे... पण शिकवण्याची जागा भरली. आमच्या एका संचालकांचे जावई आहेत. दुरुस्तीची एक जागा आहे, लॅबमध्ये. ह्यांना मशीन दुरुस्त करता येते काय?"

मी 'हो' म्हणायला तोंड उघडलं.

"याले?" आबा म्हणाले. "अजिबात नाही. याच्या मशिनी सलीम म्हणून एक माणूस आहे, तो दुरुस्त करते. त्याले घे. माणूस असा आहे का काय बिघडलं हे सांगाही लागत नाही."

मी डोळे मिटले. दिलीपरावांनी सलीमभाईचं नाव लिहून घेतलं, पत्ताही लिहून घेतला. मला दारव्ह्यापर्यंत जीपनं आणून आबांनी सलीमभाईला नोकरी लावली होती, आणि मला त्यांचा रागही येईना. चूक काय होतं त्यात?

मग दिलीपराव माझ्याकडं वळले. "पण तुमच्याबद्दल मी वेगळंच ऐकलं," ते म्हणाले. "काल जीपवाला सांगत होता, दिग्रसच्या एका माणसानं अख्ख्या ऑफिसचं जुनं सामान तीन दिवसांत लोकांना देऊन टाकलं. आणि नुसतं दिलं नाही, दुसऱ्या दिवशी घरोघरी जाऊन विचारपूस केली का दिलेली वस्तू ठीक आहे काय, वर लाडूही देले! ते तुम्हीच काय?"

"मीच," मी म्हटलं.

"आमच्या इथं मागच्या दोन खोल्या जुन्या कॉम्प्युटरांनी छतापर्यंत भरल्या आहेत. भंगारवाला येत नाही, शाळा घेत नाहीत. आठ वर्षांत एक वायर हलली नाही. स्टोअरकीपर म्हणून या सोमवारपासून."

आज मी तिथंच आहे. सतरा वर्षं मी मशिनी चालवल्या, त्याबद्दल मला कुणी एक प्रश्न विचारला नाही. त्याच मशिनी तीन दिवस लोकांच्या गळ्यात मारल्या, तर पर्मनंट झालो.